सात दिवसांची नाडी

शेवंतीवर मावा पडला की आमच्या घरातलं बोलणं कमी व्हायचं. कोवळ्या शेंड्यांना काळे बारीक किडे चिकटायचे, पानं मेणचट लागायला लागायची, आणि दसरा तोंडावर आलेला असायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, पहाटे मळ्यातून एक फांदी मोडून आणायचे, पडवीतल्या दिव्याखाली धरून उलटीपालटी करून बघायचे आणि फवारणीचा पंप पाठीवर चढवायचे. आमचा मळा मखमलाबादच्या पुढे, कालव्याला लागून. घर दोनच खोल्यांचं, पण पडवी त्या दोन खोल्यांपेक्षा मोठी, कारण ती फुलांसाठी होती. ओल्या गोणपाटावर फुलांचा ढीग, त्याच्या एका अंगाला आई, दुसऱ्या अंगाला काकू, आणि दोघींच्या बोटांत दोरा. विहिरीवरच्या मोटारीचा घुंईऽऽ आवाज सतत चालू असायचा. तो थांबला तरच आम्हाला कळायचं की तो होता. स्वयंपाकघरात चुलीवर बहुतेक वेळा शेंगोळ्यांचं पातेलं. कुळथाच्या पिठाचे ते वळलेले शेंगोळे लसणाच्या रश्शात उकळत असले की अण्णा हातपाय धुवायच्या आधी आत डोकावून जायचे. ज्या आठवड्याबद्दल मी लिहिते आहे, त्या आठवड्यात शेंगोळे त्यांच्या ताटात तसेच उरत होते. मी त्यांच्या शेजारीच जेवायला बसत होते आणि मला ते दिसलं नाही.

मी तेव्हा नाशकात बी. फार्मच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. फवारणीच्या डब्यांनाही आमच्याकडे ‘औषध’च म्हणतात, त्यामुळे मी औषधांचं शिकते म्हटल्यावर काकूला बरेच दिवस वाटत होतं की मी माव्यावरचंच काहीतरी शिकते आहे. कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रिया हा विषय होता, आणि त्याचं प्रॅक्टिकल आठवड्यातून एकदा, तीन तास. आधीचे सर फार नेटके. फळ्यावर उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष असं सगळं लिहून द्यायचे. रीडिंगपुरती जागा मोकळी सोडायची, आणि ती जागा वरच्या वर्गातल्या मुलींच्या जर्नलवरून भरायची. रक्तदाब एकशे वीस-ऐंशी, नाडी बहात्तर, श्वास अठरा. आमच्या अख्ख्या वर्गाची प्रकृती एकसारखी उत्तम होती.

ते सर निवृत्त झाले आणि देवरे मॅडम आल्या. सटाण्याकडच्या, तिशीच्या आत-बाहेर, पायात साध्या चपला, आवाज हळू. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्यापुढे स्टेथोस्कोप ठेवले आणि म्हणाल्या, “एकमेकींचं हृदय शोधा. सगळ्यांत मोठा आवाज कुठे येतो तिथे बोट ठेवून मला बोलवा.” मुलांना वेगळ्या टेबलावर तेच. आम्ही बोटं ठेवली. त्या प्रत्येक टेबलाशी आल्या, बघितलं, आणि बरोबर की चूक ते सांगितलंच नाही. “इथेच का? दोन बोटं खाली का नाही?” एवढं विचारायच्या आणि पुढे जायच्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी आम्हाला जिना तीनदा चढायला लावून नाडी मोजायला सांगितली. त्याच्या पुढच्या आठवड्यात एकमेकींना खिडकीपाशी उभं करून डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, मग पडदे ओढून कोपऱ्यातल्या अंधारात. अंधारात बाहुली पसरून मोठी होते हे मी रुक्सानाच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाहिलं. रुक्साना माझी टेबलावरची जोडीदार. मालेगावची, वडिलांचे यंत्रमाग, स्वतः हॉस्टेलवर. मी मॅडमना विचारलं, “असं का होतं?” तर त्या म्हणाल्या, “तू सांग. आज नाही, पुढच्या आठवड्यात.”

वर्ग चिडला होता. परीक्षा युनिव्हर्सिटीची, प्रश्न ठरलेले, आणि ह्या बाई उत्तर देत नाहीत. सुधीर नावाचा एक हुशार मुलगा होता. त्याने प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला की मॅडम शिकवत नाहीत, वेळ वाया जातो. त्यावर सह्या घेतल्या. मीही केली. रुक्सानाने केली नाही. “मेरेकू मजा येतेय,” ती म्हणाली, “पहिल्यांदाच काहीतरी स्वतः बघतेय मी.” प्राचार्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं की दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर जुनी पद्धत. हे आम्हाला नंतर कळलं, पण त्या आठवड्यात मॅडमचा चेहरा ओढलेला होता. तरी त्यांनी पद्धत बदलली नाही. उलट आणखी एक काम दिलं. घरातलं किंवा हॉस्टेलवरचं एक माणूस निवडायचं. सात दिवस, रोज कामाआधी आणि कामानंतर, पूर्ण एक मिनिट त्याची नाडी मोजायची. काही वेगळं दिसलं तर ते लिहायचं. शेवटी स्वतःचा एक प्रश्न काढून आणायचा.

मी अण्णांना निवडलं. आई दिवसभर एकाच जागी बसून असते, तिची नाडी काय बदलणार, असा माझा हिशेब. पहिल्या संध्याकाळी अण्णा पडवीच्या कडेला बसले होते. मी घड्याळ घेऊन गेले आणि म्हटलं, “अण्णा, हात द्या. कॉलेजचं काम हे.” त्यांनी हात पुढे केला, पण असा की जणू कुणाला द्यायची वस्तू आहे. मी मनगट धरलं. कातडी खरखरीत, बोटांच्या चिरांत हिरवट काळं. मला आठवेना की ह्या हाताला मी याआधी कधी हात लावला होता. मोठी झाल्यापासून तर नाहीच. आमच्याकडे बाप आणि मुलगी असे हातात हात घेऊन बसत नाहीत. आई समोर होती, काकू समोर होती, दोघींची बोटं थांबली होती. पंधरा सेकंद झाले असतील, तेवढ्यात अण्णा म्हणाले, “झालं ना?” आणि उठून गोठ्याकडे गेले. पंधरा सेकंदांत अठरा मोजले होते. चार पट केले. बहात्तर. आकडा इतका ओळखीचा होता की मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी वही उघडली आणि बहात्तर लिहिलं. कामानंतर ऐंशी. तिसऱ्या दिवशी चौऱ्याहत्तर, खरं वाटावं म्हणून. चौथ्या दिवशी सत्तर. असे बाकीचे सगळे दिवस मी ओट्यावर बसून भरले आणि अण्णा माझ्यापासून दहा पावलांवर असायचे. ‘वेगळं काही दिसलं का’ ह्या रकान्यात प्रत्येक दिवशी ‘नाही’. प्रश्न काढायचा होता म्हणून पुस्तकातलाच एक उतरवला. गुरुवारी वही मॅडमच्या टेबलावर दिली. त्यांनी माझ्यासमोर ती उघडली, सगळ्या पानांवरून नजर फिरवली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे परत दिली. “ठेव तुझ्याकडे. पुढच्या गुरुवारी ह्याच्यावर बोलू.”

शनिवारी कॉलेज अर्धा दिवस. दुपारी दोनच्या सुमारास मी बसमधून उतरून मळ्यात आले, तर पडवीत कुणीच नव्हतं. फुलांचा ढीग तसाच, दोरे तसेच. विहिरीकडून काकूचा आवाज येत होता. मोटारीच्या खोलीत, सावलीला म्हणून, अण्णांना बसवलं होतं. ते भिंतीला टेकले होते, अंगावरचा सदरा घामाने पिळून काढावा इतका ओला, तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी. दोनदा उलटी झाली होती. आई ओल्या पदराने त्यांचं तोंड पुसत होती. माझे काका, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते दारात उभे होते.

“ऊन लागलंय,” नाना म्हणाले. “लिंबूपाणी दिलंय. घडीभर पडू द्या, व्हईल बरं.”

“सकाळपासून फवारत व्हते,” आई म्हणाली. “नको म्हनलं, तरी ऐकलं नाय.”

मी गुडघ्यावर बसले आणि अण्णांचा हात धरला. ह्या वेळी त्यांनी तो काढून घेतला नाही. घड्याळ माझ्या मनगटावर होतं. नाडी सापडायलाच वेळ लागला. एक ठोका, मग इतकी वाट बघायला लागली की मला वाटलं माझं बोट सरकलं. मग दुसरा. पूर्ण एक मिनिट मोजलं. अठ्ठेचाळीस. विश्वास बसेना म्हणून परत एक मिनिट मोजलं. अठ्ठेचाळीस. नाना म्हणत होते, “अगं मोजत काय बसली, वारा घाल.” माझ्या डोक्यात जिना होता. तीनदा जिना चढून आम्ही घामाघूम झालो होतो तेव्हा प्रत्येकीची नाडी धावत होती. माणूस तापला की ती वाढते. इथे घाम असा आणि नाडी अशी. हे एकमेकांत बसत नव्हतं. मी अण्णांची हनुवटी वर केली. त्या खोलीला खिडकी नव्हती, दारात नाना उभे असल्याने आत आणखी अंधार. “अण्णा, माझ्याकडं बघा.” त्यांनी बघितलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या. अंधारात बसलेल्या माणसाच्या बाहुल्या पसरलेल्या असायला हव्यात, हे मी पंधरा दिवसांपूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

“नाना, हे ऊन नाहीये,” मी म्हटलं. “दवाखान्यात न्यायचंय. आत्ता.”

“तुला कळतंय का त्यातलं? पहिल्या वर्षाला हे तू.”

“काय झालंय ते मला नाही कळत. पण ऊन नाही, एवढं कळतंय.”

आमच्या घरात मी कधी नानांना उलटून बोलले नव्हते. मला भीती वाटत होती की ते अजून एकदा ‘पडू द्या’ म्हणाले तर मी गप्प बसेन. आईच उठली. “भावजी, टेम्पो काढा,” ती म्हणाली. नानांनी फुलं न्यायचा तीनचाकी टेम्पो काढला. फुलांच्या पाट्या तिथेच बांधावर उतरवल्या आणि अण्णांना मागे घातलं. रस्ताभर मी त्यांचं मनगट सोडलं नाही. रामवाडीचा पूल येईपर्यंत मी मोजत होते, पुढे मोजायची हिंमत राहिली नाही, नुसतं धरून ठेवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी वासावरूनच ओळखलं की ही फवारणीच्या औषधाची बाधा आहे. सदरा कापून काढला, अंग साबणाने धुतलं. “भिजलेले कपडे तिथेच का नाही काढले?” असं त्यांनी विचारलं. औषध कातडीतून आत जातं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. एकामागून एक इंजेक्शनं सुरू झाली. त्या इंजेक्शनचं नाव आणि ते काय करतं हे पुढे दुसऱ्या वर्षाला माझ्या अभ्यासात आलं, तेव्हा ते पान मी बरेच दिवस उघडलं नव्हतं.

मग डॉक्टर बाहेर आले. “किती दिवस फवारणी चालू होती? आधी काही त्रास? ह्यांची नेहमीची नाडी किती असते, काही कल्पना? कष्टाच्या माणसांची मुळातच कमी असू शकते.” त्यांनी हे सहज विचारलं असणार, कुणाला माहीत असेल अशी अपेक्षा नसणार. पण माझ्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत वही. नाना म्हणाले, “हिनं मोजलीय ना, सात दिवस. दाखव की गं.” आई माझ्याकडे आशेने बघत होती. मी वही काढली. डॉक्टरांनी पानं उलटली, त्यांच्या चेहऱ्यावर थोडं आश्चर्य आलं. “अरे वा. म्हणजे ह्या बुधवारपर्यंत अगदी नॉर्मल. मग हे आजचंच आहे. एका दिवसाचा डोस.” आणि ते आत वळले.

ते दार ढकलून आत जाईपर्यंतचा वेळ दोन-तीन सेकंदांचाच असेल. तेवढ्यात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मला आजही लिहिता येत नाही. गप्प बसता आलं असतं, एवढं मात्र आलं होतं, हे मी कबूल करते.

“डॉक्टर, ते आकडे खोटे आहेत,” मी म्हटलं. “पहिल्या दिवशी पंधरा सेकंद सोडले तर मी मोजलेच नाहीत. आज मळ्यात दोनदा मोजलेले अठ्ठेचाळीस, तेवढे खरे.”

ते थांबले. रागावले नाहीत, निदान आवाजात तरी नाही. वही माझ्या हातात परत दिली आणि आईकडे वळले. “तुम्ही सांगा. ह्या आठवड्यात काही वेगळं वाटलं?” आईने सांगितलं. चार दिवसांपासून जेवण नाही. डोकं धरून बसायचे. संध्याकाळी डोळ्यांपुढे धूर आल्यासारखं दिसतं म्हणायचे. पोटात कळ यायची, त्याला पित्त म्हणत होते. माझ्या रकान्यात जिथे सात वेळा ‘नाही’ होतं, तिथे लिहायचं ते सगळं आई एका दमात सांगत होती. डॉक्टर म्हणाले, “म्हणजे अंगात साठत आलंय. मग जास्त दिवस लक्ष ठेवायला लागेल. लवकर सोडून उपयोग नाही.” आई नंतर बाकावर माझ्या शेजारीच बसली, पण मधे पिशवी ठेवली.

रविवारी सकाळी अण्णांनी पाणी मागितलं. त्यांच्या जिवाचा धोका टळला हे कळायला आणखी दोन दिवस गेले.

गुरुवारी मी प्रॅक्टिकलला गेले. मॅडमनी एकेकाला उठवून आपापलं माणूस आणि आपापला प्रश्न सांगायला सांगितलं. रुक्साना माझ्या आधी होती. तिने हॉस्टेलच्या मावशींची नाडी मोजली होती. आकडे कसेही वेडेवाकडे, एके दिवशी अठ्ठ्याऐंशी, एके दिवशी सदुसष्ट, आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘आज पाय दुखत होता’, ‘आज गावाहून पत्र आलं’. मग माझं नाव आलं. मी उभी राहिले आणि जे झालं ते सांगितलं, आकड्यांसकट. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. त्या हळूच म्हणाल्या, “मला त्या दिवशीच वाटलं होतं. रोजचं मोजणं इतकं सरळ येत नाही.”

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण राग आला. “मग विचारलं का नाही मॅडम?”

“तुझं तुला कळावं म्हणून थांबले.”

“तुम्ही गुरुवारी विचारलं असतं, तर मी त्या संध्याकाळी त्यांचा हात धरला असता. शनिवार आलाच नसता.”

मागून सुधीर म्हणाला, “आम्ही अर्जात हेच लिहिलं होतं.” कुणीतरी त्याला गप्प केलं. मॅडम टेबलाच्या कडेला हात टेकून उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “बरोबर आहे तिचं. मी थांबायला नको होतं. उत्तर न सांगणं वेगळं, आणि चूक दिसत असताना गप्प राहणं वेगळं. माझी त्यात गल्लत झाली.” एखादी शिक्षिका वर्गासमोर असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या तास संपल्यावर स्वतः प्राचार्यांकडे गेल्या आणि हे सगळं सांगून आल्या. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. प्राचार्यांनी विचारलं, “अर्जावर तुझी सही आहे. आता काय म्हणणं आहे?” मी म्हटलं, बाहुल्या बघायला मॅडमनी शिकवलं नसतं तर वडील मोटारीच्या खोलीतच राहिले असते. आणि त्यांनी वेळेवर विचारलं असतं तर तिथवर गेलेच नसते. दोन्ही खरं आहे. मॅडम राहिल्या. पद्धतही राहिली. फक्त त्यानंतर त्या प्रत्येक वहीतल्या प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून विचारायच्या, “हा कसा आला, सांग.”

पुढे मी स्वतः तीस वर्षं हाच विषय शिकवला. मुलांना उत्तर कधी द्यायचं आणि कधी हात बांधून उभं राहायचं, हे मला शेवटपर्यंत नीट जमलं असं म्हणणार नाही. काही वर्गांत मी फार लवकर बोलले. एका मुलीच्या बाबतीत फार उशिरा, ते ह्या पुस्तकात दुसरीकडे येईल. पण फार नेटकी वही समोर आली की अजूनही मी आधी तिच्यातल्या आकड्यांवर बोट ठेवते.

अण्णा घरी आले तेव्हा दसरा होऊन गेला होता. शेवंती नाना आणि काकूंनी काढली, जमली तेवढी. अण्णांचे पाय अशक्त होते, ते दिवसभर पडवीत खाटेवर असायचे. आईने त्यांना माझ्या वहीचं सांगितलं नव्हतं. नानांनीही नाही. चार दिवस मी वाट पाहिली की कुणीतरी सांगेल. पाचव्या दिवशी दुपारी, आई पाणी आणायला गेली तेव्हा, मी त्यांच्या खाटेशी बसले आणि सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “रोज किती लिवलं व्हतं माझं?”

“बहात्तर. कधी सत्तर, चौऱ्याहत्तर.”

“आन् मी इथंच व्हतो.”

“हो.”

मी माफी मागणार होते, शब्द जुळवत होते. त्यांनी मला जुळवू दिले नाहीत.

“त्या पहिल्या दिशी मी उठून गेलो ना,” ते म्हणाले, “गोठ्यात काय काम नव्हतं. तू हात धरला तर मला कसंतरीच झालं. लाज वाटली. एवढी मोठी झाली तू, आन् आपण असं कधी बसलोच नाय. बसून राहायला पाहिजे व्हतं मी.”